हाडांचं वय एकसष्ट

"टाचपट्टी खोटं बोलत नाही," हे वाक्य केतकी चौगुलेनं गेल्या तीन महिन्यांत इतक्या कारखान्यांच्या दारात ऐकवलं होतं, की त्या सकाळी फाउंड्रीच्या गेटवर ते म्हणताना तिला जांभई आली. तासाभरानं त्याच वाक्यावर तिला थुंकावंसं वाटलं.

साल दोन हजार अडतीस. कोल्हापूरच्या आसपासच्या वसाहतींत टाचपट्ट्या बसवायचं पेव फुटलं होतं. पट्टी म्हणजे गेटच्या जमिनीत बसवलेली दीड हात रुंदीची, सहा पावलं लांबीची काळी रबरी पाटी. तिच्यावरून बूट घालून चाला, अनवाणी चाला, काही फरक पडत नाही. टाच आपटली की हादरा पायातून कमरेपर्यंत चढतो आणि परत खाली येतो, आणि पाटीखालचे कान तो ऐकतात. फाउंड्रीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओतीव माल साच्यातून निघाला की तो हातोडीनं वाजवून बघतात. भरीव असला तर खणखणतो, आत फुगे राहिले असले तर बद्द आवाज येतो. हाडांचंही तसंच. पट्टी तो आवाज ऐकते आणि हाडांचं वय सांगते. अवजड काम करणाऱ्याचं हाड मोडायच्या आत कळावं, म्हणून ही सोय. केतकीला तिचा अभिमान होता. डिप्लोमा करून शोधून शोधून मिळवलेलं काम होतं ते.

पट्टी बसवणाऱ्यांची एक रीत होती, तिला ते 'पहिला पाय' म्हणत. पट्टी बसली की नारळ फोडायचा आणि ज्यानं बसवली त्यानंच सर्वांदेखत पहिल्यांदा चालायचं. ते वाचन दाखल्यावर पहिलं लागतं, त्याखाली बसवणाऱ्याची सही होते, आणि मग पट्टी चालू. आजवर पहिला पाय नेहमी तिचा जोडीदार महादू टाकायचा. नव्वद किलोचा गडी, चालला की पट्टीच काय, भिंतीवरचं घड्याळही हलायचं. त्या दिवशी महादू भाचीच्या बारशाला गेला होता. म्हणून केतकी चालली.

सुरक्षा अधिकारी साळोखे यांनी नारळ फोडला. पाळी सुटलेले पन्नासेक कामगार गंमत बघत उभे होते. केतकी ऐटीत सहा पावलं चालली आणि गेटवरच्या फलकावर अक्षरं उमटली: वय चोवीस, हाडांचं वय एकसष्ट.

"आज्जी आली रं!" कुणीतरी ओरडलं.

"पाया पडा सगळ्यांनी!"

केतकीही हसली. "अजून नीट बसली नाही," म्हणत तिनं पट्टी बंद करून चालू केली आणि पुन्हा चालली. एकसष्ट. तिसऱ्यांदा चालताना तिनं मुद्दाम टाचा आपटल्या. एकसष्ट. आता तिचं हसू गेलं, लोकांचं मात्र सुरूच होतं.

साळोखे हसत नव्हते. ते हातातल्या टॅबकडे बघत होते. मागच्याच आठवड्यात पट्टीची नवी आवृत्ती आली होती. ती फलकावर नुसतं वय दाखवायची आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या टॅबवर त्यामागचं कारण. ही आवृत्ती केतकीनंच पट्टीत भरली होती. कारणांच्या रकान्यात काय काय येतं, हे काही तिनं वाचलं नव्हतं. कशाला वाचेल? दुसऱ्यांची हाडं होती ती.

"मॅडम, जरा आत येता?" साळोखे म्हणाले. सकाळपासून ते तिला 'पोरी' म्हणत होते.

आत त्यांनी टॅब तिच्यापुढे सरकवला आणि आपली खुर्ची मागे. तिनं वाचलं. 'स्त्री, चोवीस. मांडीचं आणि कमरेचं हाड एकसारखं विरळ. उपासमारीची वा जुन्या इजेची खूण नाही. संभाव्य कारण: वाढत्या वयापासून विषाणूविरोधी औषधं. शक्यता शंभरात चौऱ्याऐंशी.'

शिपाई चहा घेऊन आला. "मॅडमना कागदी कपात दे," साळोखे हळूच म्हणाले.

केतकीच्या कानशिलात जाळ उठला. चौदा वर्षं ती रोज रात्री नऊला एक गोळी घेत होती. डबीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून त्या कापसात दाबून ठेवत होती. शाळेत, कॉलेजात, कामावर कुणाला वास लागू दिला नव्हता. आणि आज तिच्या हाडांनीच गाव गोळा केलं, तेही तिनंच बसवलेल्या पट्टीवर.

"हे कायद्यात बसत नाही," ती म्हणाली. "संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही."

"तपासणी कुठं केली आम्ही? रक्त घेतलं? यंत्राचा अंदाज हाय नुसता. वकिलांनी बघूनच ही आवृत्ती काढलीय म्हणं." साळोखेंचा आवाज मऊ होता. "घाबरू नका. मी कुणाला बोलणार न्हाई. तुम्ही तेवढी सही करून जावा. उद्या सातच्या पाळीला सहाशे माणूस चालायचंय ह्याच्यावरनं. पुढच्या कामाला तेवढं दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून सांगतो तुमच्या ऑफिसात. कारण सांगत न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्या मऊपणाचाच तिला जास्त संताप आला.

"सही उद्या सकाळी," ती म्हणाली आणि चहा न घेता उठली.

गेटपाशी निळ्या गणवेशातला एक माणूस अजून उभा होता. तिशीचा, काटकुळा. केतकीनं त्याला ओळखलं, नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. दर सहा महिन्यांनी, कधी पुढे कधी मागे, दोघं औषधकेंद्राबाहेरच्या एकाच बाकावर बसत. त्या बाकाचा अलिखित नियम होता, बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची नाही. मघाशी सगळे हसत असताना हा एकटा हसला नव्हता. तो पट्टीकडे बघत होता. उद्या सातला त्यालाही तिच्यावरून चालायचं होतं.

केतकी तिथून थेट औषधकेंद्रावर गेली. समुपदेशक बागवान मॅडम जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. ती दहा वर्षांची असल्यापासूनची तिची प्रत्येक नोंद ह्या बाईंच्या हातची होती.

"अठ्ठावीस वेळा रक्त काढलंत माझं," केतकी दारातूनच म्हणाली. "प्रत्येक वेळी म्हणालात, शाब्बास, विषाणू सापडतच नाही. माझी हाडं म्हातारीची झालीत, मॅडम. ती कुणी मोजली?"

बागवान मॅडमनी डबा मिटला. तिचं सगळं ऐकून घेतलं.

"कुणी नाही मोजली," त्या शेवटी म्हणाल्या. "पोरं जगवायची घाई होती, केतकी. जगलेली पोरं पुढे मोठी होतील, त्यांना हाडं लागतील, एवढा लांबचा विचार कुणी केला नाही. मीही नाही."

मग त्यांनी सांगितलं. विषाणू झोपलेला असला तरी शरीर त्याच्याशी आतल्या आत कुरकुरत राहतं, त्यानं हाड झिजतं. तुझ्या जुन्या गोळीनं मूत्रपिंडातून हाडांचा माल थोडा थोडा वाहून जातो. आणि हे सगळं नेमकं दहा ते वीस ह्या वयात, जेव्हा बाकीची पोरं हाडं भरत असतात. "पण तिशीपर्यंत बांधकाम थोडंफार चालतं. तुझी पाच-सहा वर्षं अजून आहेत. गोळी बदलून मागू, हाडांना सोसणारी दुसरी आहे. उन्हात चाल, वजनं उचल. आणि दूध, दही, नाचणी तर घेतच असशील."

"दूध?" केतकीनं विचारलं. "दूध आपल्याला चालत नाही ना?"

"कुणी सांगितलं?"

 कुणी सांगितलं होतं? गोळी सुरू झाली तेव्हापासून घरात हेच होतं. शाळेत वाटलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तिला वाढवणाऱ्या मावशीनं परसात पुरल्या होत्या. हे असंच असतं, ह्यावर तिनं कधी प्रश्न केला नव्हता. डिप्लोमा केलेली, यंत्रं खोलून जोडणारी मुलगी! तिला स्वतःचाच राग आला.

"मी एवढंच सांगत होते," मॅडम सावकाश म्हणाल्या, "की ह्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी कॅल्शियमची गोळी घेऊ नका, गोळीचा जोर कमी होतो. दोन्हींत अंतर ठेवा. बस. दुधाला कोण नको म्हणालं?"

त्या उठून बाहेर बाकापाशी गेल्या. एक पोरगा आणि दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या.

"तुम्ही दूध घेता?"

तिघांनीही माना हलवल्या. "न्हाई मॅडम," एक बाई अभिमानानं म्हणाली, "इथं पयल्याच दिवशी कळलंय मला. दुधाचं कडक पाळतो आम्ही."

बागवान मॅडमनी कपाळावर हात मारला. आत त्या एक सांगत होत्या आणि बाहेर बाकावर जुनी माणसं नव्या माणसांना त्याचं पथ्य करून देत होती. आतल्या बाईला प्रश्न विचारायची लाज, बाकावर मात्र सगळे एका नावेतले. इतकी वर्षं दाराच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, आणि दार काही कुणी उघडलं नव्हतं.

"त्या पट्टीचं काय करायचं?" केतकीनं विचारलं. "उद्या सकाळी ती सहाशे जणांची हाडं वाचणार. त्यांत आपल्यातले किती असतील कुणास ठाऊक."

"कायदा आपल्या बाजूनं आहे. अंदाज म्हणा नाहीतर काही म्हणा, माणसाचा आजार त्याला न विचारता मालकाला सांगता येत नाही. पण तक्रार नावानिशी करावी लागते. ज्याचं गुपित फुटलं, त्यानंच पुढे उभं राहायचं."

"म्हणजे गुपित राखायला गुपितच फोडायचं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मलाही ह्याचा रागच येतो."

संध्याकाळी केतकी कट्ट्यावर पोचली तेव्हा शालनमावशी म्हशीखाली बसली होती. कोल्हापुरात म्हशी गिऱ्हाइकाच्या दारात येतात. कट्ट्यावर उभी राहिलेली म्हैस डोळ्यांदेखत पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, आणि तालमीतले पैलवान मिशा पांढऱ्या करत तो रिचवतात. शालनमावशीचा हा धंदा तीस वर्षांचा. केतकी तिच्या मेलेल्या बहिणीची पोर. ज्या घरात दुधाला तोटा नव्हता, त्या घरात ह्या एका पोरीला चौदा वर्षं दुधाचा थेंब मिळाला नव्हता.

गिऱ्हाईक पांगल्यावर केतकीनं सगळं सांगितलं. मावशीचा हात सडावरच थांबला.

"सगळ्या गल्लीला पाजलंस, मावशे. पैलवानांना पाजलंस. मांजराला बशी भरून घालत होतीस! मी ताटावर बसून बघायची."

"मग काय करू?" मावशी उसळली. "तुझी आई माझ्या मांडीवर मेली. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तिनं. तवा ठरिवलं, ह्या पोरीच्या गोळीत कशाची आडकाठी हू द्यायची न्हाई. त्या बाकावर म्हणाले, दुधानं गोळी मरती. मला काय शाळा शिकिवलीती कुणी? तू रडायचीस दुधापायी, मी तोंड फिरवून चुलीम्होरं बसायची. जगिवलं का न्हाई तुला? सांग की!"

 जगवलं होतं, हे खरंच होतं. मावशीनं एवढं प्रेम केलं आणि त्यानंच हाडं अशी झाली, ह्याचा राग कुणावर काढायचा? मावशीवर काढवेना आणि गिळवेनाही.

"उद्या मी नाव लिहून देणार आहे," ती म्हणाली.

मावशी ताडकन उठली. "येडी का काय तू? कट्टा उठंल आपला! आमच्या हातचं दूध कोण पील मग? चौदा वर्षं म्या गल्लीला कळू दिलं न्हाई. घाल तिकडं त्या फाउंड्रीला, सही कर आन् मोकळी हो."

"आणि ते बाकीचे?"

"बाकीचं कोण लागत्यात तुझं?"

कोणी नाही, असंच खरं उत्तर होतं. एका बाकावर बसलेली, नावं नसलेली माणसं. केतकी घरात गेली. तिचं ठरलं होतं. मावशीलाही ते कळलं होतं, म्हणून ती तिच्याशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच गेटवर रांग लागली. साळोखेंनी दाखला आणि कानावरची पेन्सिल पुढे केली. "इथं सही तेवढी."

केतकीनं खिशातून आपला पेन काढला. सहीच्या वर शेऱ्याची जागा असते. आजवर महादूच्या वाचनाखाली तिथं 'ठीक' एवढंच लिहिलं जायचं. तिनं लिहिलं: 'पहिला पाय माझा. ह्या पट्टीनं मला न विचारता माझा आजार फाउंड्रीला कळवला. मला जन्मापासून एचआयव्ही आहे. ह्याविरुद्ध मी तक्रार करत आहे. निकाल लागेपर्यंत ही पट्टी चालू करायला माझी मंजुरी नाही. केतकी शिवाजी चौगुले.' दाखल्याचा फोटो तिनं तक्रार अधिकाऱ्याला पाठवला, एक आपल्या ऑफिसला पाठवला, आणि पट्टीची कळ काढून घेतली. बसवणाऱ्याच्या मंजुरीशिवाय पट्टी चालत नाही. तिच्याच कंपनीचा नियम होता तो, आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होता.

साळोखेंनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "पेन्सिलीनं लिहायचं हुतं, पोरी. खोडता तरी आलं असतं."

"म्हणून तर पेननं लिहिलं."

"काय झालं? का थांबलोय?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

केतकी वळली.  "काल आज्जी म्हणून हसलात ना? का म्हातारी झाले ते सांगते. मला एचआयव्ही आहे. आईच्या पोटातून आलाय, त्याची गोळी घेते, आणि त्या गोळ्या खाऊन ही हाडं अशी झालीत. हे यंत्र माझं गुपित ह्या साहेबांना सांगून बसलं. उद्या तुमचं सांगेल. कुणाचं मूल होत नाही, कुणाला फिट येते, कुणाची किडनी गेलीय, सगळं ह्या रकान्यात येणार आहे. चालायचं असेल तर चाला. मी सही करणार नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. जवळ उभे असलेले दोघे जण दोन पावलं मागे सरकले, हे तिनं पाहिलं. मग साळोखेंनी ताडपत्री मागवली, पट्टी झाकली आणि रांग बाजूच्या फाटकातून आत सोडली. निळ्या गणवेशातला तो काटकुळा माणूस तिच्यासमोरून गेला. मान खाली, तोंडातून चकार शब्द नाही. एक 'ताई' तरी म्हणायचं होतंस, भडव्या, असं तिच्या मनात आलं. दुपारी ऑफिसनं तिला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

कोल्हापुरात बातमीला म्हशीचे पाय नसतात. तिसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. तालमीतली पोरं पलीकडच्या बाजूनं, दुसऱ्याच्या म्हशीकडे गेली. ज्यांना मावशीनं लहानपणापासून पाजलं होतं, तीच. सात वाजले, आठ वाजले. दोन म्हशींचं दूध कॅनमध्ये भरून राहिलं.

मावशी त्या संध्याकाळपासून केतकीशी बोलली नव्हती. ती उठली, कट्ट्यावरच शेगडी पेटवली, पातेलंभर दूध उकळलं आणि मोठा पितळी ग्लास भरून केतकीपुढे आदळला.

"घे. आता समदं तुझंच हाय."

केतकीनं ग्लास उचलला. चौदा वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते दूध तोंडात गेलं आणि तिला मळमळलं. साय जिभेला चिकटली. वास सोसवेना. नाक दाबून तिनं ग्लास संपवला, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "किती घाण लागतं गं."

 "पैलवानाला बी आदी तसंच लागतंय," म्हणून मावशीनं दुसरा ग्लास भरायला घेतला.

तेवढ्यात एक सायकल थांबली. निळा गणवेश. तो कट्ट्यापासून चार हात लांब उभा राहिला, इकडेतिकडे बघत. पलीकडून तालमीतली पोरं त्याच्याकडे बघत होती.

"पट्टी अजून झाकलेलीच हाय," तो म्हणाला. "काल साहेब येऊन गेला तक्रारीचा."

केतकीनं रिकामा ग्लास खाली ठेवला.

तो कट्ट्यापाशी आला. आवाज अगदी खाली उतरवून त्यानं विचारलं, "ताई, गोळी रात्री नवाला घेतली, तर दूध सकाळी चालतंय व्हय?"

केतकीनं त्याच्याकडे पाहिलं. किती वर्षं हा त्या बाकावर बसतो आहे? किती वर्षं दोघांनी शेजारी बसून एकमेकांना हा प्रश्न विचारला नाही?

"चालतं," ती म्हणाली, पलीकडच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सकाळी चालतं, दुपारी चालतं. कुणाच्या बापानं कधीच नको म्हटलं नव्हतं. मावशे, ह्याला मोठा ग्लास दे."